मिटल्या तोंडाचा साचा

विनोदने ते सगळ्यांच्या देखत सांगितलं. घरी सांगता आलं असतं, चहा पिताना सांगता आलं असतं. नवराच होता तो. पण दौंडच्या विहाराशेजारच्या हॉलमध्ये तालमीला अख्खी गायन पार्टी जमली होती, ढोलकीवाले म्हाळू आबा वाद्या ओढून ढोलकी सुरात आणत होते, तेवढ्यात त्याने पेटीवरची बोटं उचलली आणि म्हणाला,

"औंदाच्या जयंतीला फुडचा माइक गौतमीचा. करुणा कोरसात बसंल."

म्हाळू आबांनी ढोलकीवर एक थाप मारली आणि ती लगेच तळहाताने दाबून टाकली.

लग्न होऊन केडगावहून दौंडला आली तेव्हापासून पुढचा माइक करुणाचा होता. बॅनरवर फोटो तिचा. सुपारी द्यायला येणारे लोक दारातूनच विचारायचे, "करुणाताई येनार ना?" त्या माइकपलीकडे तिला जगात दुसरं काही नव्हतं. मूलबाळ नव्हतं, नोकरी नव्हती. माइक होता.

"का पण?" तिने विचारलं.

"का म्हंजी? कान गेलेत तुझे. घरात कुकरच्या शिट्ट्या मोजायला आता शेजारीण ठिवावी लागंल."

कोरसातली पोरं हसली. एकटी गौतमी हसली नाही. ती मान खाली घालून सतरंजीचा दोरा ओढत राहिली. गौतमी म्हणजे करुणाच्या बालमैत्रिणीची, ताईबाईची मुलगी. कारेगावला राहायची, रांजणगावच्या एका कंपनीत कंत्राटावर कामाला होती, आणि दर रविवारी मावशीकडे गाणं शिकायला दौंडला यायची. म्हणजे पुढच्या माइकवर जी उभी राहणार होती, तिला करुणानेच उभं केलं होतं.

विनोद खोटं बोलत नव्हता, हेच त्यातलं वाईट होतं. कानाच्या आत केसांहूनही बारीक कोंब असतात. आवाज आला की ते लवतात आणि त्यांच्या लवण्यातून आपल्याला ऐकू येतं. मोठ्या आवाजाचा मारा वर्षानुवर्षं झाला की ते आडवे पडतात आणि माणसाच्या कानात ते पुन्हा कधी उभे राहत नाहीत. आधी पडतात ते उंच, बारीक आवाजाचे. म्हणून करुणाला ढोलकीचा घुमारा ऐकू यायचा, माणसांचं बोलणं समजायचं. पण चिमण्या ऐकू येत नव्हत्या आणि कुकरची शिट्टी विरळ झाली होती. स्टेजवर गायकाला स्वतःचं गाणं ऐकू यावं म्हणून त्याच्याकडे तोंड करून बॉक्स ठेवतात. त्या बॉक्सच्या तोंडाशी उभं राहून तिने उमेदीचे कान घालवले होते.

मग विनोदने तिला इन-इयर करून दिलं होतं, पुण्याहून. बॉक्सऐवजी प्रत्येक कानात बसणारं एक छोटं कवच, त्याची वायर कानामागून वळवून कमरेच्या डबीला जोडलेली, आणि त्या डबीतून पेटी, ढोलकी, स्वतःचा गळा, सगळं थेट कानात. कवच तिच्याच कानाचा साचा घेऊन बनवलेलं, त्यामुळे असं घट्ट बसायचं की बाहेरचा गोंगाट दाराबाहेर राहायचा आणि कमी आवाजातही सगळं लख्ख यायचं. ते मिळालं तेव्हा तिला वाटलं होतं, आता आपलं काही जात नाही.

त्या संध्याकाळी भाकरी मोडता मोडता विनोद म्हणाला, "तुझी डबी गौतमीला द्यायची. कवच तुझ्या कानाचं हाय, तिला बसत न्हाई. न्हाईतर तेबी दिलं असतं, खर्च वाचला असता."

"बसवून बघितलं व्हय तुम्ही?"

"बघितलं की. परवा तू भाजी आनाय गेल्तीस तवा. आत जाईना. लई वाकडे कान तुझे."

करुणाने भाकरीचा घास घेतला आणि तो बराच वेळ चावत राहिली.

"शिरूरला तो पृथ्वीराज हाय, कानाच्या मशिनीवाला," विनोद म्हणाला. "म्हाताऱ्यांच्या मशिनीला साचे घेतो. तो माप घेऊन पुण्याला पाठवंल. पोरीला तू घेऊन जा. तुला ठावं हाय कसं असतं ते."

तिला ठाऊक होतं. फार चांगलं ठाऊक होतं.

*

शिरूरला एस.टी. स्टँडपासून थोडं आत पृथ्वीराजचं दुकान. बाहेर दोन धोतरवाले आजोबा एकमेकांशी ओरडून बोलत बसले होते. गौतमी कंपनीला सुट्टी टाकून कारेगावहून आली होती, नवा ड्रेस घालून, जणू कानाचं माप नाही, फोटो काढायचाय.

"मावशी, दुखतं का हो?"

"दुखत न्हाई. गार लागतं. गुदगुल्या व्हतील, पर हलायचं न्हाई. हललीस की साच्याला सुरकुती पडती आन् मग ती जागा जन्मभर टोचती."

"तुम्ही हात धरताल ना?"

"धरते की."

पृथ्वीराजने तिला खुर्चीत बसवलं, बॅटरीने कानात बघितलं. मग दोऱ्याला बांधलेला कापसाचा बोळा दोन्ही कानांत अगदी खोल सरकवला, म्हणजे साच्याची लगदी पडद्यापर्यंत जाऊ नये. गौतमीने डोळे मोठे केले. जग एकदम लांब गेल्यावर माणूस करतो तसे.

"ऐकू येतंय का?" पृथ्वीराजने विचारलं. ती नुसती हसली.

तो गुलाबी लगदी मळत करुणाकडे वळला. "ताई, एक विचारायचं राहिलं. हे गायला पाहिजे का ऐकायला? हल्ली पोरं मोबाइलवर गाणी ऐकायलासुद्धा कानाच्या मापाचं करून घेतात."

आता इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं या एका प्रश्नावर आहे. कानाच्या भोकासमोर बोट ठेवा आणि तोंड मिटा, मग मोठा आ करा. बोटाखाली काहीतरी सरकतं. तो जबड्याचा सांधा. तोंड उघडलं की तो पुढे जातो आणि कानाची नळी रुंद होते. थोडीशीच, पण होते. नुसतं ऐकणारा माणूस तोंड मिटून ऐकतो, त्याचा साचा मिटल्या तोंडाने घेतला तरी चालतो. गाणाऱ्याचं तसं नाही. त्याच्या दातांत ठोकळा देऊन, तोंड वासलेलं ठेवून साचा घ्यावा लागतो. नाहीतर तो आ करून वर चढला की नळी रुंद होते, कवच आहे तेवढंच राहतं आणि मधे फट पडते. फट केसाएवढी पुरते. तेवढ्यातून आधी निसटतो तो खालचा, भरीव आवाज, ज्याच्यावर गाणारा पाय रोवून उभा असतो.

पुण्याला करुणाच्या दातांत ठोकळा दिला होता. जबडा दोन दिवस ठणकला होता. पृथ्वीराजच्या टेबलावरच्या ट्रेमध्ये तसाच ठोकळा पडलेला तिला दिसत होता.

गौतमीने तिचा हात घट्ट धरला होता. कानात बोळे, त्यामुळे तिला काही ऐकू येत नव्हतं. ती मावशीच्या तोंडाकडे विश्वासाने बघत होती.

"ऐकायला," करुणा म्हणाली.

"नक्की?"

"व्हय. मोबाइलवर ऐकती ती."

पृथ्वीराजने मान हलवली, बोटाने खूण करून गौतमीला तोंड मिटायला सांगितलं आणि पिचकारीने लगदी कानात भरली. गुदगुल्या झाल्या तरी पोरगी हलली नाही. ओठ घट्ट मिटून, मूर्तीसारखी बसली. शिकवलेलं ऐकायची सवयच होती तिला.

परतताना करुणाने तिला स्टँडवर उसाचा रस पाजला.

*

कवचं आली तेव्हा गौतमीने कंपनी सोडली होती. तालमी रोजच्या होत्या आणि शिफ्ट बदलून मिळेना. कंत्राटदाराने गेटपास काढून घेतला आणि जाता जाता ऐकवलं, "गाना गाने से पेट भरता है क्या?" ताईबाईने दोन दिवस पोरीशी बोलणं टाकलं. "मावशी हाय ना तिथं," गौतमीने आईला सांगितलं. "ती बघंल मला."

मावशीने खरोखर बघितलं. इन-इयरबद्दल जे जे शिकवण्यासारखं होतं ते सगळं शिकवलं, आणि इतकं प्रेमाने की म्हाळू आबा एकदा म्हणाले, "करुणा, तुझी सवत बी यवढ्या मायेनं नांदवली असतीस तू."

"हे असं सरळ कोंबायचं न्हाई," ती सांगायची. "आधी मागं झुकवून धर. कानाची पाळी दुसऱ्या हातानं वर ओढ. मग आत घाल आन् फुडं फिरव. बसलं की तुलाच कळतं, रांजणात डोकं घातल्यावानी व्हतं. बोल बघू."

"जयभीम," गौतमी म्हणाली आणि दचकली. "आई गं! माझाच आवाज डोक्यात घुमला."

"घुमनारच. तुझा आवाज हाडांतनं कानात येतो, आन् बाहीर जायाला वाट न्हाई. घुमला म्हंजी नीट बसलं. हे ध्यानात ठिव."

आत आवाज करणारे दोन बारके पडदे होते. एक खालच्या सुरांचा, एक वरच्या. त्यांच्यापासून कानापर्यंत येणाऱ्या नळ्यांना तोंडाशी तारेची जाळी. करुणाने बारीक ब्रश दिला. "रोज झाडायचं. मळ अडकला की एका बाजूचं गाणं मरतं, आन् मानूस म्हनतो मशीन बिघडलं. घामाचं तसंच घरी न्यायचं न्हाई. पुसून, ह्या पुड्या टाकलेल्या डबीत ठिवायचं. वायर बोटाला गुंडाळायची न्हाई, ती खोबनीपाशी तुटती. सैल वेटोळं कर. आन् काढताना वायर वढायची न्हाई, कवच धरायचं."

गौतमी सगळं तसंच करायची. दोनदा सांगावं लागायचं नाही. वेटोळं तर असं सुबक करायची की करुणाला बघवत नसे.

कवचं घालून केलेल्या पहिल्या तालमीत खालचा अंतरा सुरेख गेला. मधला गेला. विनोदने जयंतीसाठी नवं गाणं बांधलं होतं. शेवटच्या कडव्यात आवाज चढत चढत जाऊन 'उजेडा'च्या आकारावर उघडा होऊन थांबायचा. तिथे ढोलकीही थांबायची, फक्त पेटीचा सूर आणि त्यावर गळा. गौतमी चढली. आ केला. आणि सूर वर सरकला, थोडासा, दातात खडा यावा इतकाच.

"पुन्यांदा," विनोद म्हणाला.

पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तेच. कवच घालायच्या आधी, बॉक्ससमोर, हीच जागा ती झोपेतही लावायची.

"मावशी," ती विश्रांतीत जवळ येऊन म्हणाली, "काय व्हतंय ठावं हाय का? तोंड उघडलं की पेटी जाती. म्हंजी जाती न्हाई, पातळ व्हती. माझा आवाजबी पातळ व्हतो. म्हनून मी जोर लावते. तोंड मिटलं की समदं माघारी येतं."

करुणाने तिच्याकडे पाहिलं. पोरीने आजार बरोबर ओळखला होता. आता एक वाक्य पुरे होतं. शिरूरची एक फेरी, दातांत ठोकळा, नवी कवचं, जयंतीच्या आधी सगळं झालं असतं.

"मनाचे खेळ असत्यात, गौतमे," ती म्हणाली. "मलाबी सुरवातीला व्हायचं. भ्या वाटलं की पेटी पळती."

"एकदा शिरूरला जाऊन दावू का त्येंला?"

"कशाला? तो म्हनंल, माप बराबर हाय. शांत बसून बघ बरं, कसं वाजतंय?"

गौतमी तोंड मिटून बसली, कानात गाणं लावलं. "बेस वाजतंय की."

"मग? मशीन बरं हाय. तूच घाबरतीस."

विनोदने डबी तपासली. साधे इअरफोन लावून ऐकलं. चोख. गौतमीची कवचं मात्र त्याला स्वतःच्या कानात घालून बघता येईनात. कोणालाच येईनात. ज्याचा कान त्याचंच कवच. ती काय ऐकते हे जगात दुसऱ्या कोणाला कळायचा रस्ता नव्हता. त्यामुळे सगळ्यांनी मिळून ठरवलं की खोट पोरीत आहे.

"लई डोक्यावर घेतली म्हनून," कोरसातली सीमा म्हणाली. "कंपनीत स्क्रू पिळनं सोपं असतंय बाई."

गौतमी आवाज वाढवू लागली. डबीवरचं बटण फिरवत फिरवत शेवटाला न्यायची. कान दुखायचे, रात्री गुणगुणायचे. पण फट असेल तर आवाज वाढवून भागत नाही. वरचं कर्कश होतं आणि खालचं तरीही गळतं. मग तिने आ लहान करून पाहिला. सूर जागेवर राहिला, पण गळ्यावर पोतं टाकल्यासारखा आवाज.

"व्हय, असंच गा," करुणा म्हणाली. "तोंड कमी उघड."

"काय म्हननार लोक? तोंडात मिश्री धरून गाती म्हनतील," म्हाळू आबा पुटपुटले. ते करुणाकडे जरा जास्त वेळ बघत राहिले. पण पार्टी विनोदची होती आणि बायको विनोदची होती. त्यांनी ढोलकी पुढे ओढली.

*

जयंतीला मैदान भरलं होतं. पांढऱ्या साड्या, निळे फेटे, पोरं बापांच्या खांद्यांवर. स्टेजवर गायकांकडे तोंड केलेला एकही बॉक्स नव्हता. विनोदने मुद्दाम काढून टाकले होते, त्यांच्याने माइक शिट्टी मारतो म्हणून. लोकांच्या दिशेने मात्र दोन्ही बाजूंना स्पीकरच्या भिंती. त्यांचा आवाज समोरच्या इमारतीवर आपटून उशिरा परत यायचा. कानातलं काढलं तर गाणाऱ्याला आपलंच गाणं दोनदा ऐकू आलं असतं.

गौतमीने कवचं मागे झुकवून, पाळी वर ओढून, फिरवून बसवली. मागे कोरसात बसलेल्या करुणाकडे वळून तिने मान हलवली. बरोबर ना मावशी? करुणानेही हलवली. बरोबर.

पहिली दोन कडवी अशी गेली की बायका रडल्या. करुणाला तेव्हा वाटून गेलं, निभावतेय की ही. आणि त्या वाटण्यात तिला आनंद कुठे सापडेना.

मग शेवटचं कडवं. ढोलकी थांबली. एवढ्या लोकांसमोर, एवढ्या हौसेने पोरीने तोंड बारीक ठेवायचं विसरून मनापासून आ केला, आणि सूर सुटला. तालमीत खड्याएवढा सुटायचा. इथे जोर जास्त, तितका जास्त सुटला. तिला ते कळलं. ती खाली आली, जास्तच खाली आली. पेटी एकीकडे, ती दुसरीकडे, आणि समोरच्या भिंतीवरून तिचीच चूक तिच्याकडे चालत आलेली.

कोणीतरी तस्साच वाकडा आकार लावून दाखवला. हशा पिकला. "ए पोरी, उतर खाली!" "करुणाताई कुठं हायेत?" "ताईंना बोलवा!"

विनोदने तिचा माइक बंद केला. पेटी सोडून तो उठला, सगळ्या मैदानासमोर तिच्या कमरेची डबी उपसली. घाईत तिची ओढणी डबीच्या चिमट्यात अडकली, तर त्याने ती हिसकली. गौतमी दोन्ही हातांनी ओढणी धरून उभी. वायर कानातून लोंबत होती, आता कशालाच न जोडलेली. डबी त्याने करुणाच्या हातात दिली.

करुणाने आपली कवचं पर्समध्ये आणली होती. का आणली होती, हे कोणी विचारलं नाही.

ती पुढे आली. लोक उठून उभे राहिले. विनोद पेटीवर बसला आणि मान न वळवता त्याने पट्टी दोन घरं खाली घेतली. गाणं गौतमीच्या गळ्याला बांधलेलं होतं, करुणाचा आवाज आता तेवढा वर चढत नव्हता. तिच्या कानात ते स्वच्छ ऐकू आलं. कवच उत्तम बसलं होतं. उतरलेल्या पट्टीत ती गायली, 'उजेडा'वर आ करून थांबली, कुठेही फट नाही. शेवटी तिने एक कवच काढलं, टाळ्या ऐकायला.

शेकडो हात हलत होते. पण टाळी हा बारीक, टोकदार आवाज. तिच्या कानात टोकाचं काही पोचत नव्हतंच. दूरवर उसाच्या पाचटावरून वारा जावा तसं काहीसं झालं आणि संपलं.

तिने मागे बघितलं. गौतमीची जागा रिकामी होती.

*

"शिरूरची सुपारी आलीय," विनोद काही आठवड्यांनी म्हणाला. "त्येंनी मोबाइलवर आयकलंय. म्हनत्यात, पट्टी का उतरवली? वरच्या पट्टीत पायजे."

"मग?"

"मग काय, तुझ्यानं व्हनार हाय का? गौतमीला आन. वरचा तुकडा तिनं मागं बसून म्हनायचा, साध्या बॉक्सवर. बॉक्ससमोर तिचा सूर कवा ढळला न्हाई. फुडं तू नुसतं तोंड उघडायचं. कुनाला कळतंय?" तो पेटी पुसत राहिला. "बॅनरवर फोटो तुझाच. आनखी काय पायजे तुला?"

तिला नाही म्हणता आलं असतं. पण नाही म्हटलं की माइक जाणार होता.

कारेगावला ती दुपारी पोचली. दुसऱ्या शिफ्टच्या बसेस लागायची वेळ. रस्त्याच्या कडेला निळे-राखाडी युनिफॉर्म, डबे, हिंदी-मराठीचा कालवा. गौतमी एका टपरीच्या सावलीत उभी होती. दुसऱ्या कंत्राटदाराकडे, प्रेस शॉपला लागली होती, जिथे दिवसभर पत्र्यावर घण पडतात. केस बांधून टोपीत घातलेले. करुणाला बघून ती पळाली नाही.

"जयभीम मावशी."

"जयभीम गं. वाळलीस." करुणाने तिच्या गालाला हात लावला. "आई बरी हाय ना? म्या काय म्हनते, ह्येंचा राग सोड. पार्टीत तुझी जागा हाय. शिरूरला कार्यक्रम हाय आपला. वरचा तुकडा तुझा. मागं बसून म्हनायचा, फुडं म्या..."

"फुडं तुम्ही तोंड उघडनार," गौतमी म्हणाली.

करुणाने तिच्या गालावरचा हात काढून घेतला.

"कळलं मला. सीमाचा फोन आल्ता, हसत व्हती." तिने युनिफॉर्मच्या खिशातून ती डबी काढली, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांची. आत दोन्ही कवचं होती. वायरी काढून टाकलेल्या. "म्या गेल्ते शिरूरला, जयंतीनंतर. वाटलं, एकदा तरी इचारावं, माझ्या कानातच खोट हाय का म्हनून. पृथ्वीराजभाऊंनी दातांत ठोकळा दिला आन् कानात बघितलं. म्हनले, गाती व्हय तू? मग तुझ्या मावशी तर म्हनल्या ऐकायला."

बस आली. माणसं दाराकडे सरकली.

"गौतमे, आयक..."

"त्येंचं काय चुकलं न्हाई. लई चांगली बनल्यात. शॉपमधी कंपनी इअरप्लग देती, ते माझ्या कानात ऱ्हात न्हाईत. हे ऱ्हातं." तिने उजवं कवच उचललं, मागे झुकवलं, दुसऱ्या हाताने पाळी वर ओढली, आत घातलं, पुढे फिरवलं. मग डावं. अगदी शिकवलं होतं तसं. एकही हालचाल चुकली नाही. मग तिने ओठ मिटले.

"म्या म्हनाले ऐकायला," करुणा म्हणाली. एकदा बोलायला लागल्यावर तिला थांबता येईना. "तुझ्या कानात कापूस व्हता तवा म्हनाले. मला ठावं व्हतं. समदं ठावं व्हतं. तू हात धरला व्हतास आन् म्या म्हनाले. माइक ग्येला असता गं माझा. मला दुसरं काय व्हतं? बोल की. शिवी दे. आईवरनं दे."

गौतमी तिच्याकडे बघत होती, दुकानात बसली होती तसंच, स्थिर. फक्त डोळ्यांत तेव्हाचं काही नव्हतं. तिने आपल्या कानाकडे बोट दाखवलं, मान हलवली: ऐकू येत नाही. आणि बसच्या पायऱ्या चढली.

ती खिडकीशी बसली. करुणा खिडकीखाली धावत गेली आणि वर बघून बोलत राहिली, मोठ्याने, पूर्वीच्या वरच्या पट्टीत, जी आता तिला कोणी देत नव्हतं. बसमधले लोक बघायला लागले. तिला माहीत होतं, पोरीने तोंड उघडलं, नुसतं थुंकायला जरी उघडलं, तरी सांधा पुढे सरकेल, कवच सैल होईल आणि फटीतून निदान एक शब्द आत जाईल. ती त्या ओठांकडे बघत राहिली.

बस हलली. ओठ मिटलेलेच होते.